माणूस गेलेली गादी

४ नोव्हें., मंगळवार

टणां टां, टणां टां, टणां टां, टणां टां.

पहाटे जाग आली ती या आवाजाने. आवाज कुठला, साठ-पासष्ट वर्षं जुना. चिपळूणच्या अंगणात पिंजारी बसायचा. खांद्याएवढी धनुकली, तिची ताणलेली तात, लाकडी ठोका, आणि कापूस हवेत. मी घराच्या पायरीवर शाळेचं पाठांतर करत असायचो. एक दिवस ध्यानात आलं, हा माणूस चक्क भुजंगप्रयातात पिंजतो. लघु गुरु गुरु, चार वेळा. मास्तरांना सांगितलं. ते हसले नाहीत. फळ्यावर लिहून दाखवलं.

आज आठवायचं कारण पलंगावर आहे. महिनाअखेर बिल्डिंग रिकामी करून द्यायची, पाडून नवी बांधणार. मी चि. निखिलकडे विरारला. तिथे फोमची गादी आधीच घेऊन ठेवली आहे म्हणे. मग ही कापसाची कुठे जाणार? मालती माहेराहून घेऊन आली ती ही. दर काही वर्षांनी उसवायची, पिंजायची, नवी खोळ. कापूस तोच. गेल्या मार्गशीर्षात ती गेली तीही हिच्यावरच.

तेव्हापासून मी दिवाणावर झोपतो. गादी तशीच, वर चादर.

६ नोव्हें., गुरु.

निखिल आणि सूनबाई अदिती आले. आवराआवर. अवघड वाटलेल्या गोष्टी झरझर मार्गी लागल्या. जुना टीव्ही, मिक्सर, वायरींचं भेंडोळं ई-कचरावाल्याने नेलं. मा.ची उरलेली औषधं अदितीने केमिस्टकडे परत दिली. पाऱ्याचा थर्मामीटर तिने बरणीत घालून वेगळा ठेवला, फुटला तर विष. पोरगी व्यवस्थित आहे. फार बोलत नाही.

गादीपाशी आलो आणि अडलो.

नि. - "टेम्पोवाला लावेल तिची विल्हेवाट."
मी - "म्हणजे काय करेल?"
नि. - "बाबा, ते आपण विचारायचं नसतं."

मला माहीत आहे काय करेल. चिंचोटीच्या अलीकडे हायवेच्या कडेला, नाहीतर खाडीच्या काठी. मागे पाहिली होती तिथे एक, पाण्याने फुगून उताणी पडलेली. कावळे बसले होते. मी रिक्षात मान फिरवली.

मा.ची तशी नको. एवढंच माझं म्हणणं. सोय लागेल तिथे लागो, पण उकिरड्यावर नको.

१० नोव्हें., सोम.

महापालिकेच्या तक्रार नंबरवर फोन केला. मोठ्या वस्तू उचलतात असं वाचलं होतं. बाई नम्र होत्या. नाव, पत्ता, "काय उचलायचंय?" सांगितलं, जुनी गादी, वापरात नाही. "माणूस पाठवतो काका."

मन हलकं झालं. दुपारी पाचवीच्या पुस्तकातली कविता मोठ्याने म्हटली. तिसरं कडवं गेलं ते गेलंच. मा. असती तर स्वयंपाकघरातून पुरवलं असतं. तिची शाळा वेगळी, पुस्तक तेच.

१३ नोव्हें., गुरु.

माणूस आला. पावतीपुस्तक काढलं. "काका, नंबर प्लेट आहे का?"

"कशाची?"

"गाडीची. बेवारस गाडी लिहिलंय. खाली तर दिसली नाही. फोर व्हीलर का?"

मग उलगडा झाला. फोन केला तेव्हा कवळी वाटीत होती. द हा दंत्य. दातच नाहीत तर द कुठून? झाला त्याचा ड. सातवीत वर्णांची उच्चारस्थानं घोकली होती, ती या वयात अशी कामाला आली.

दोघेही हसलो. त्याला पाणी दिलं. गादी दाखवली. म्हणाला, "ही नेली तर डम्पिंगलाच जाईल, खोटं कशाला बोलू. आणि काका, ती फाटलीबिटली काही नाही, कापूस चांगलाय. कोणालातरी द्या ना."

मी म्हटलं, माझी बायको हिच्यावर गेली. त्याने टोपी काढली, परत घातली. "मग कोण घेणार," असं पुटपुटला आणि जिना उतरला.

१७ नोव्हें., सोम.

विरारला गादीवाल्याच्या दुकानी. पिंजायचं मशीन आहे, घरघर घरघर, कुठलंच वृत्त नाही. मालक तरुण. अदितीने काढलेला फोटो पाहिला, खूश झाला. "ऐसा कपास अभी मिलता नहीं चाचा. ले आओ, पिंजून दुसऱ्या गाद्यांत वापरतो. काही फुकट जाणार नाय."

इथपर्यंत सगळं छान. आणि मी सांगून टाकलं.

त्याने मशीन बंद केलं. "बताया क्यों चाचा? नाही बोलला असता तर मी घेतली असती. आता बोललात. उद्या कोणी विचारलं तर? गिऱ्हाइकं लग्नाच्या गाद्या बनवतात माझ्याकडे."

रागावला नव्हता. चहा पाजून पाठवलं.

परतीला निखिलला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, सांगता कशाला पण?"

उत्तर आता लिहिताना सुचतंय. न सांगता दिली तर ती गादी म्हणून जाईल. मा. तिच्यात होती हे मीच पुसून टाकल्यासारखं…

२० नोव्हें., गुरु.

गिरीजला पास्कलकडे. आम्ही एका ऑफिसात, समोरासमोरच्या टेबलांवरून निवृत्त झालो. त्याची केळीची वाडी. माझा बेत असा की कापूस केळीच्या बुंध्यांना पसरायचा. ओल धरेल, मग मातीत मिसळेल. मा. केळफुलाची भाजी फार मन लावून करायची. मला हा शेवट आवडला होता. कविताच होती ती.

कडेची शिवण थोडी उसवून मूठभर कापूस पिशवीतून नेला होता. पास्कलने चिमूट वेगळी करून काडी लावली. काही धागे कागदासारखे जळले, राख. काही वितळून काळा मणी झाला.

"हे बघ. अर्धा कापूस, अर्धं प्लॅस्टिकचं सूत. माती कापूस खाईल. हे माझ्या नातवंडांच्या नातवंडांना सापडेल."

मी म्हटलं शक्य नाही, कापूस तिच्या माहेरचा.

"अरे, झिजतो तो. कमी पडला असेल, भर घातली असेल. तुला कशाला सांगेल? तू कविता म्हणत बसला असशील."

मारायचा टोमणा मारलाच. पण मग केळ्यांचा फणा हातात देताना म्हणाला, "बाईमाणूस घर असंच चालवतं, बाबा."

येताना एस.टी.त विचार. किती वेळा भर घातली असेल? मी ज्याला तिचं माहेर म्हणत होतो त्यातलं माहेर किती उरलं होतं? आणि तिने ते मला तसंच म्हणू दिलं.

वाईट वाटलं नाही. उलट जरा…

२३ नोव्हें., रवि.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. मजकूर चारदा खोडून लिहिला. शेवटी असा - "कापसाची गादी, थोडं सिंथेटिक मिसळलेलं, डबल, स्वच्छ, उन्हात घातलेली. माझी पत्नी कै. मालती हिचं या गादीवर निधन झालं. ज्यांना चालेल त्यांनी न्यावी."

संध्याकाळपर्यंत नमस्काराचे हातच हात. दोन 'भावपूर्ण श्रद्धांजली'. एकाने विचारलं, पलंग पण देणार का. गादी नको, पलंग हवा.

२७ नोव्हें., गुरु.

नि. ने टेम्पो ठरवला. रविवारी सकाळी. "बाबा, प्रयत्न केलेत ना तुम्ही? आता पुरे." आवाजात चीड नव्हती, म्हणून जास्त लागलं. पुढे म्हणाला, "मलाही नाही बघवत ती. तुम्हाला काय वाटतं, मला सहज जमतंय?" हे मला आजवर सुचलंच नव्हतं. त्याला ती नजरेसमोरून दूर हवी होती, आणि मला वाटत होतं त्याला पर्वा नाही.

दुपारी गादीवर आडवा झालो. वर्षात पहिल्यांदा. तिच्या बाजूला खोलगट आहे. माझ्या बाजूला राहिलो. झोप लागली, चांगली लागली.

२९ नोव्हें., शनि.

सगळं खोक्यांत. ही वही, चहाचं पातेलं आणि दोन कप बाहेर. उद्या टेम्पो. मनाशी म्हटलं, खाडी तर खाडी, माणसाची राखही शेवटी पाण्यातच सोडतो. पण ते खरं वाटेना. राखेला मंत्र असतो, सोबत माणसं असतात.

चारच्या सुमारास बेल. निखिल असेल म्हणून उघडलं तर वरच्या मजल्यावरच्या राऊतबाई.

राऊतबाई आमच्या दारात. वाळत घातलेल्या कपड्यांच्या पाण्यावरून मा.चं आणि त्यांचं बिनसलं होतं ते कायमचं. जिन्यात समोर आल्या तरी दोघी भिंतीकडे बघत. ती गेली तेव्हाही बाई वरूनच पाहत उभ्या होत्या. त्यांचे यजमान लकवा होऊन अंथरुणावर आहेत, हे ऐकून होतो. आत कधी गेलो नाही.

उंबऱ्याबाहेरच उभ्या. "गादी गेली का?"

नाही म्हटलं.

"मालतीबाई चार महिने पडून होत्या ना? पाठ फुटली नाही त्यांची शेवटपर्यंत. तुमची भांडीवाली सांगत होती." पदराने तोंड पुसलं. "ह्यांची फुटलीय. पडून पडून जखमा, कमरेला, टाचेला. फोमवर घाम धरतो. उद्या आम्ही पण आगाशीला भावाकडे चाललो. ही गादी ह्यांना द्याल?"

मी विचारलं, माणूस गेलेली आहे, तुम्हाला भीती नाही वाटत?

"भीती वाटायला वेळ कुठाय मला."

मग स्वतःहून आत आल्या. पलंगावर बसल्या, तळहाताने गादी दाबत दाबत गेल्या, तिच्या खोलगट बाजूपर्यंत. हात तिथेच ठेवला. मी चहा टाकतो म्हणून इकडे ओट्यापाशी आलो आणि हे लिहितोय.

पाठ फुटली नाही हे खरं. पण ते गादीमुळे नाही. दिवसा अदिती येऊन आणि रात्री मी, दर दोन तासांनी तिची कूस बदलत होतो. पावडर, ओलं-कोरडं, सगळं. गादीची त्यात काही कर्तबगारी नाही. त्यांचं सगळं करणारी ही बाई एकटीच. त्या धिप्पाड माणसाला ती एकटी कशी वळवणार? हे सांगितलं तर गादी ठेवून जाईल कदाचित. न सांगितलं तर घेऊन जाईल, भरवशाने.

आधण उकळलं. बाहेरून विचारताहेत, साखर आहे ना हो घरात, नाहीतर वरून आणते.