सहावा अर्थ

प्रिय सोनम,

तुझे तीन फोन आले आणि मी तिन्ही उचलले नाहीत. फोनवर मला हे जमलं नसतं. तुझी नर्सिंगची परीक्षा संपेपर्यंत थांबायचं असंही ठरवलं होतं. ती परवा संपली. आता थांबायला काही कारण उरलं नाही.

इथे तोरणमाळला थंडी पडलीय. सहावीच्या वर्गात यंदा एकोणीस पोरं आहेत. बाकीची आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलीत. गेल्या आठवड्यात 'हँड' हा शब्द शिकवायला आला आणि मी तो धडाच सोडून दिला. तुमच्या वर्गाला मी तो किती हौसेनं शिकवला होता. घड्याळाला आपण काटे म्हणतो, इंग्रज हात म्हणतात, हे ऐकून तू सगळ्यात जास्त हसली होतीस. मदत करणं म्हणजे हात देणं, अक्षर म्हणजेही हातच, असे चार-पाच अर्थ फळ्यावर लिहून दिले होते. परीक्षेला तेवढेच येतात.

तुझ्या बाबांच्या अंकलेश्वरच्या कारखान्यात स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या सकाळी साडेसहाला मुकादम शांतीलाल शाळेवर आला. बाज्याला तिथे त्यानंच लावलं होतं. कारखान्याच्या ऑफिसातून त्याच्या मोबाइलवर मेसेज आला होता. "मॅडम, इंग्रजीमा शे, तुम्हीच वाची सांगा," म्हणाला. तुझी आई मागे उभी होती. मेसेज दोन ओळींचा होता: कालच्या स्फोटात टू हँड्स लॉस्ट, बाज्या, लाइन तीन, घरी कळवा. मी वाचलं आणि सांगितलं, बाज्याचे दोन्ही हात गेले. शांतीलालनं तिकडे फोन लावून पाहिला, कुणी उचलला नाही.

तुझी आई नळावर गेली. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "हात गेले तर गेले. जीव आहे ना? मी भरवीन." तिला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून मीही निघाले.

शांतीलालही आला. जीपनं तिघं शहाद्याला उतरलो, तिथून अंकलेश्वरची बस. प्रकाशा गाव मागे पडलं. मग तुझी आई बोलायला लागली ती थांबेचना. आता तो कुठे कामाला जाणार नाही, घरीच राहील, याचं तिला मधूनच बरंही वाटत होतं. त्याला आंघोळ कोण घालणार, विडी कोण पेटवून देणार, सगळं ती ठरवत होती. विडी मात्र दिवसातून दोनच देणार, म्हणाली, आणि हसली. मी खिडकीबाहेर बघत होते.

दोन वाजता पोचलो. सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रियेचा वॉर्ड, मग जळालेल्यांचा वॉर्ड, मग कुणी सांगितलं म्हणून दुसऱ्या टोकाचा एक खासगी दवाखाना. हात गेलेला माणूस, हात गेलेला माणूस, असं ती प्रत्येक दारात विचारत फिरली. साडेपाचला आम्ही पुन्हा सरकारी दवाखान्यात आलो आणि एका वॉर्डबॉयनं आम्हाला शवागाराकडे नेलं. तिथल्या वहीत बाज्याचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, मृतदेह चार वाजता दिला. नातेवाईक म्हणून कारखान्याच्या माणसानं सही केली होती. स्मशानात गेलो तेव्हा चिता पेटून तास होऊन गेला होता. तुझ्या आईला त्याचं तोंड दिसलं नाही. त्याला गावी आणून आपल्या माणसांत निरोप द्यायचा, तेही राहिलं.

हे सगळं तुला शांतीलालनं सांगितलंय, मला माहीत आहे. सांगितलं ते खरंच आहे, पण एक गोष्ट त्यालाही ठाऊक नाही. त्या सकाळी तुझी आई लुगड्याचं गाठोडं बांधत होती, तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात जाऊन शब्दकोश उघडला. 'लॉस्ट' शब्द मला टोचत होता. 'हँड'चा सहावा अर्थ होता, कामगार, मजूर. दोन कामगार गेले, त्यांतला एक बाज्या. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटलं. बाहेर आले तर ती पुन्हा म्हणत होती, मी भरवीन. मी तिला सांगितलं नाही. कदाचित माझी चूक असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. शहाद्याच्या स्टँडवर शांतीलालनं विचारलं, "मॅडम, माणूस वाची जाई ना?" मी हो म्हणाले. ती प्रत्येक वॉर्डात शिरत होती, तेव्हाही मी बरोबर होते. आधी शवागारात चला, एवढंच म्हणायचं होतं. दोन वाजता म्हणाले असते तर तो तिथे होता.

काल तुझी आई आली होती. तिनं माझ्या फोनवरून तुझा नंबर लावायला सांगितला. तिचा आवाज ऐकताच तू कट केलास. दवाखाने हिंडत बसलीस, बाबांना परक्यांच्या हाती जाळू दिलंस, असं तू तिला तेराव्याला म्हणालीस, हे तिनं काल मला पहिल्यांदा सांगितलं. आणि सोनम, ती मला म्हणाली, पोरीचं बरोबरच आहे, माझंच चुकलं. मी तरीही गप्प बसले. ती गेल्यावर हे पत्र लिहायला घेतलं. तिचं काहीही चुकलेलं नाही. उद्या सकाळी मी तिच्या घरी जाऊन हेच तिला तोंडानं सांगणार आहे. पत्र तुला मिळेल तोवर तिला सगळं कळलेलं असेल. मला माफ करू नकोस, पण तिला फोन कर.

माझ्याशी यापुढे बोललीस, नाही बोललीस, तरी तुझीच,
अंजुम मॅडम