फक्त पाच मिनिटं

७ ऑक्टोबर, मंगळवार. पहाटे.
बायको, ब्रॉन्विन, काल टूवूम्बाला माहेरी गेली. सासूबाई घरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. डिसेंबरपर्यंत काही ती परत येत नाही. जाताना शाळा माझ्या ताब्यात देऊन गेली. शाळा म्हणजे व्हरांड्याचा बंद केलेला कोपरा, एक टेबल, एक स्क्रीन आणि स्क्रीनमध्ये मिस पेट्राकिस. त्या तिकडे शहरात बसून आमच्यासारख्या लांबलांबच्या फार्मवरच्या पोरांना शिकवतात. आमची फ्रॅनी अकरा वर्षांची, सहावीचं शेवटचं सत्र. जानेवारीत टूवूम्बाच्या बोर्डिंग शाळेत जायचंय. जागा मिळालीय, पण साचलेले पाठ सगळे पूर्ण हवेत आणि २ डिसेंबरची परीक्षा पास व्हायला हवी. नाहीतर आणखी एक वर्ष घरीच.
ब्रॉन्विन म्हणते, पोरगी हुशार आहे रे, पण बसत नाही. तू काही शिकवू नकोस. तिला नुसतं बसू दे.
हे काय काम झालं? मी बाराशे गुरं एकट्याने सांभाळतो. चार रंगांत टाइमटेबल काढलं. खोलीच्या दारावर पाटी लावली: अभ्यास चालू आहे, व्यत्यय आणू नये. खाली सही माझी.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
नऊला तास सुरू झाला. छान चाललं होतं. सव्वानऊला चार नंबरच्या बोअरवर पंपाचा पट्टा उतरला. काम दोघांचं आहे, एकाने इंजिन मागे ओढून धरायचं, दुसऱ्याने बोल्ट आवळायचे. फ्रॅनीला म्हटलं, चल, फक्त पाच मिनिटं. यायला दोन वाजले. मग म्हटलं, बस आता अभ्यासाला. तर म्हणते, बाबा, तास संपला. जांभया देत होती. आजकालच्या पोरांत दम म्हणून नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
पोरगी हुशार आहे हे खरं. उत्तरेकडच्या टाकीला गळती लागलीय. मी कागद-पेन्सिल शोधेपर्यंत हिने सांगून टाकलं, सोमवार दुपारपर्यंत पाणी पुरेल, मंगळवारी गुरं ओरडतील. पुस्तकात टाकीचंच गणित आहे. ते कोरं! विचारलं तर म्हणते, पुस्तकातल्या टाकीवर गुरं कुठायत?
उलटून बोलायला शिकलीय. मर्ल आत्या विणता विणता हसली. आत्या माझ्या वडिलांची बहीण, ऐंशीच्या पुढची, ठार बहिरी. कशाला हसली देव जाणे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.
आता मोटिव्हेशन. एका मासिकात वाचलं की पोरांना बक्षिसाचं आमिष दाखवावं. जाहीर केलं, एक पाठ पूर्ण केलास की पिकअप चालवायला देईन. फ्रॅनी म्हणाली, बाबा, पिकअप रोज मीच चालवते. तू मागे उभा राहून चारा टाकतोस.
दुसरं बक्षीस सुचेना. विषय बदलला.
आणखी एक तक्रार. ही शाळेत बूट घालून बसते. तेही बाहेरचे, शेणाचे. दहादा सांगितलं, खोलीत बूट काढून बस म्हणून. हो म्हणते आणि घालूनच बसते. हट्टीपणा आईकडून आलाय.

२० ऑक्टोबर, सोमवार.
निबंध होता, 'माझा दिवस'. सोपा विषय, मी असतो तर पाच पानं लिहिली असती. हिने काय लिहिलं तर: 'मी सकाळी उठते. कुत्र्याला खायला घालते. मग'. संपलं! 'मग'वर निबंध संपतो. पूर्णविरामसुद्धा नाही. आळसाची कमाल आहे.
आज वासरं वेगळी काढायची होती. मधलं फाटक फ्रॅनीकडे. वासरू डावीकडे, गाय उजवीकडे, एकदाही चुकत नाही पोर. दहाला हाक मारली होती, चारला सुटलो. तेवढ्या वेळात माणूस कादंबरी लिहील, हिच्याने एक निबंध होत नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार.
मिस पेट्राकिस यांचा फोन. तीन आठवड्यांचे पाठ आले नाहीत म्हणाल्या. फार गोड बोलतात. म्हणाल्या, फ्रॅनी हुशार आहे, उत्तर अर्धं बरोबर लिहिते आणि सोडून देते. तिला सलग शांत वेळ मिळतो का हो? मी म्हटलं, बाई, संपूर्ण शांतता! दारावर पाटीच लावलीय. त्या म्हणाल्या, मग आत्ता ती तासातून उठून कुठे गेली?
फोन वाजत होता आणि सापडत नव्हता, म्हणून तिला बोलावलं होतं. बाईंना बाकीचे तपशील सांगत बसलो नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार.
आज अपूर्णांक. मी स्वतः शेजारी बसलो. अर्ध्या तासात तिचं एक गणित झालं. मग पेन्सिल चावत विचारते, बाबा, मी बोर्डिंगला गेल्यावर चार नंबरचं इंजिन कोण ओढून धरणार?
म्हटलं, ते तुझ्या अभ्यासात आहे का?
नाही, पण कोण धरणार?
आणि फाटकावर कोण?
विषय बदलण्यात ही पोरगी वस्ताद आहे. मी ठणकावून सांगितलं, मी बाराशे गुरं एकट्याने सांभाळतो. तिने पेन्सिल खाली ठेवली. दुसरं गणित झालंच नाही.
संध्याकाळी पुन्हा पट्टा उतरला. गेलो दोघं.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
आज मेलबर्नची घोड्यांची शर्यत. सगळा देश काम टाकून टीव्हीपुढे बसतो, त्यामुळे शाळेची अपेक्षा नव्हतीच. मर्ल आत्याला पैसे कुठल्या घोड्यावर लावावेत कळेना. फ्रॅनीने तिच्या कानाशी बसून तेवीस घोड्यांचे भाव उलगडून सांगितले. कुठला घोडा किती पटीने देणार, दोन घोड्यांवर अर्धे अर्धे लावले तर काय, एक चतुर्थांश, तीन अष्टमांश, सगळं तोंडी. आत्या जिंकली.
मी म्हटलं, बघ, हे अपूर्णांकच आहेत! ती म्हणाली, माहितीय. मी विचारलं, मग काल का नाही केलेस? तिने खांदे उडवले. मी तर हात टेकले.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
ब्रॉन्विनचा फोन. किती पाठ झाले विचारलं. मी म्हटलं, प्रगती अशी मोजता येत नाही, मुळं खोल जातायत. ती म्हणाली, डेस, खरं सांग, तू तिला तासातून हाका मारतोस का?
म्हटलं, फक्त इमर्जन्सीला.
आज कसली होती?
चष्म्याची. पण चष्म्याशिवाय मला टाइमटेबल वाचता येत नाही, हे तिला कोण समजावणार? म्हणाली, या पोरीचं वर्ष बुडालं ना डेस, तर मी तिथे येऊन तुझ्याशी बोलेन. तिचा आवाज असा झाला की भीतीच वाटते.
निश्चय: उद्यापासून शिस्त. लष्करी.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
शिस्तीचा भाग म्हणून तासभर खोलीतच ठाण मांडलं, मागच्या खाटेवर. देखरेख. पहाटे चारपासून उठलेला माणूस, उकाडा, पंख्याचा आवाज. जाग आली तेव्हा स्क्रीनमधली सगळी पोरं तोंडावर हात धरून हसत होती. मिस पेट्राकिस म्हणाल्या, फ्रॅनी, तुमच्याकडचा आवाज बंद कर बाळा. मी विचारलं, कसला आवाज? फ्रॅनी म्हणाली, घोरण्याचा. पोरांना हसायला काहीही पुरतं. एकाग्रता नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
नदीपलीकडच्या कुंपणाचं काम काढलं. फ्रॅनीला नेणार होतो, पण ती अंघोळीत होती, म्हणून एकटाच आलो. दुपारी धो धो पाऊस कोसळला आणि नदी फुगली. अडकलो. पत्र्याची खोली आहे, डबाबंद घेवडा आहे, पिकअपमध्ये वायरलेस आहे, जोडीचा घरी आहे. पाऊस सगळीकडे झालाय, त्यामुळे गुरांच्या पाण्याची चिंता नाही. चिंता शाळेची! परीक्षा आठवड्यावर आणि पोरगी मोकाट. घरात मोठं माणूस म्हणजे आत्या, तिला वाघ आला तरी ऐकू यायचा नाही.
पण मी हार मानणारा नाही. शाळा वायरलेसवरून चालवणार.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
सकाळी अपूर्णांक, संध्याकाळी निबंधाची सुरुवात कशी करावी. फ्रॅनी शांतपणे ऐकतेय. नुसती खरखर येते, पण एक शब्द उलट नाही! पहिल्यांदाच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
आज माझ्या वडिलांच्या कष्टांवर बोललो, पाऊण तास. मलाच भरून आलं. तिकडेही शांतता. मी शिकवायला जन्मलोय हे या वयात कळावं! मधेच शेजारच्या केव्हिनचं विमान डोक्यावरून दोन घिरट्या घालून गेलं. हात केला.
कुंपणाचे खांब एकट्यानेच बसवले. तार दगडाला बांधली की दुसरं माणूस लागत नाही. कसं कोण जाणे, आजवर सुचलंच नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार.
पाणी उतरलं, घरी आलो. टेबलावर सगळे पाठ पूर्ण! सगळे! शुक्रवारी स्क्रीनवरून पाठवूनही झाले. मिस पेट्राकिस यांचा फोन आला. म्हणाल्या, दोन महिन्यांचं काम या आठवड्यात, आणि काय सुरेख! घरी काही बदललं का? मी नम्रपणे वायरलेस पद्धत सांगितली. इतर पालकांसाठी बोलायलाही तयार आहे म्हटलं. बाईंना एकदम खोकला आला. भारावल्या असाव्यात.
फोन ठेवला तर मर्ल आत्या म्हणते, कुठला वायरलेस रे? तो तर सोमवारीच विजेने जळला.
टेबलाखाली पडला होता. आत कोळ्याने घर केलेलं. मी विचारलं, मग माझी काळजी नाही वाटली? म्हणाली, केव्हिनने कळवलं ना, डेस ठणठणीत आहे, नदीकाठी उभा राहून आकाशाला भाषण देतोय.
फ्रॅनीला बाजूला घेऊन विचारलं, मग तुला बसवलं कोणी?
कोणी नाही, म्हणाली. शांत होतं.
यावर विचार करायला हवा. आज नको, दमलोय.

२ डिसेंबर, मंगळवार. दुपार.
परीक्षा. नऊ ते अकरा. सव्वानऊला पट्टा उतरला. पावसाची डबकी दोन दिवसांत आटली, बेचाळीस डिग्री, चार नंबरच्या हौदावर तीनशे गुरं जिभा काढून उभी. फक्त पाच मिनिटांचं काम. दारापर्यंत गेलो. पाटी समोर आली. अक्षर माझं, सही माझी.
दार किलकिलं होतं. फ्रॅनीने माझ्या चालण्याचा आवाज ऐकला असणार. पेन्सिल खाली ठेवली होती. खुर्ची मागे सरकवलेली. पायात बूट.
म्हणजे दोन महिने ही बूट घालून बसत होती ते हट्टाने नाही. माझी हाक येणार म्हणून.
ती उठायला लागली. म्हणाली, चार नंबर?
मी म्हटलं, छे, पाणी प्यायला आलो होतो. लिही तू.
इंजिन दोराने पिकअपला बांधून ओढलं. दोनदा दोर सुटला, तिसऱ्यांदा अंगठा सापडला. ज्या शिव्या घातल्या त्या गुरांनीच ऐकल्या. पण पट्टा बसला. एकट्याने! घरी आलो तर परीक्षा संपवून ती पायरीवर बसलेली. पेपरबद्दल विचारलं तर म्हणाली, बरा गेला. मग बराच वेळ माझा अंगठा बघत राहिली.
म्हणाली, दोर बंपरला बांधलास ना? पुढच्या वेळी मागच्या हुकला बांध. सुटत नाही.
आत गेली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत बूट काढले.

१२ डिसेंबर, शुक्रवार.
पास! पहिल्या तिघांत! ब्रॉन्विन उद्या येतेय. तिला सांगायला नीट मुद्दे काढून ठेवलेत: पालकाने कधी मागे हटावं याचं एक शास्त्र आहे, आणि ते मला सुरुवातीपासून साधलं.

२९ जानेवारी, गुरुवार.
सोमवारी फ्रॅनीला बोर्डिंगला सोडून आलो. ब्रॉन्विन आठवडाभर तिकडेच. पोरगी रडली नाही. मी गाडीत बसल्यावर डोळ्यांत धूळ गेली.
इकडे सगळं सुरळीत. नवीन सिस्टिम आहे, दोर आहे, हूक आहे. सवय जायला थोडे दिवस लागतात इतकंच. सकाळी पट्टा उतरला तेव्हा चुकून हाक मारली. कुत्रा आला.
संध्याकाळी तिचा फोन. वॉर्डनबाई रागावल्या म्हणे, अभ्यासाच्या तासाला बूट काढत नाही म्हणून. मी म्हटलं, काढ गं, आता काढ. म्हणाली, काढीन, सवय झाली की. मग विचारलं, बाबा, मी इकडे आल्यापासून मला हाक मारलीस का कधी?
मी म्हटलं, छे! एकदाही नाही.
मागून मर्ल आत्या विणकाम न थांबवता फोनपर्यंत पोहोचेल अशी ओरडली, खोटं बोलतोय गं! आज सकाळपासून चारदा!
फ्रॅनी खूप वेळ हसत होती.
आत्याला ऐकू येतं. सगळं. पहिल्यापासून.