शेंदराखालच्या रेघा

प्रिय नाना,

थोरल्या भावाला धाकट्याचा नमस्कार. हे पत्र क्षिप्रेत सोडणार आहे, दुसरा पत्ता मला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा दोन ओळीही सुचल्या नाहीत. आज लिहितो आहे, कारण आज सकाळी मी तुमच्या खांबावरचा शेंदूर खरवडला.

घाटाच्या कडेचा तो दगडी खांब! दरवर्षी पूर ओसरला की तुम्ही छिन्नी घेऊन जायचात आणि पाणी जिथवर चढलं तिथे रेघ कोरायचात. वहीत नोंद आहे, मग दगड कशाला, असं मी विचारायचो. तुम्ही म्हणायचात, "वही कुणीही उचलून नेईल."

तसंच झालं. राज्य नवं झालं, राजधानी भोपाळला गेली, तुमच्या वह्यांच्या पेट्याही गेल्या. त्या अजून बांधलेल्याच आहेत.

आणि दगड? तो मीच झाकला, नाना. तुमच्या पहिल्या वर्षश्राद्धाला मी सगळ्यांत वरच्या रेघेला भक्तीने शेंदूर लावला. मग यात्रेकरू लावू लागले. खांबाचा देव झाला, रेघा बुजल्या. नदीचं पाणी मोजण्याची तुमची नोकरी माझ्याकडे, आणि मापच मी पुरून बसलो!

काल नवे इंजिनियर साहेब आले. नदीवर पक्का बंधारा घालायचा आहे, उद्या नकाशा भोपाळला जायचा. म्हणाले, "बाबूजी, पूर का एक आंकड़ा दे दो, बस."

एकच आकडा! भिंत उंच झाली तर पुरात पाणी तुंबून काठची वस्ती बुडेल, आणि उन्हाळ्यात खाली भैरवगडच्या छिप्यांना, त्या कापड छापणाऱ्यांना, कापड धुवायला धार उरणार नाही. बुटकी झाली तर वरच्या गावांच्या गव्हाला पाणी साठणार नाही.

म्हणून देवाचं नाव घेत खरवडायला बसलो. फुलवाली जमनाबाई म्हणाली, "पंडितजी, भगवान की खाल उतार रहे हो?"

"मुँह धुला रहा हूँ, बाई."

ती हसली आणि घासायला नारळाची शेंडी दिली.

रेघा निघाल्या. एक माझ्या गुडघ्याशी, एक डोक्याच्या वर हातभर. मधल्यांत दोन सारख्या नाहीत. साहेबांना बोलावून आणलं. त्यांनी एकेक रेघ बोटाने चाचपली. आपण गावच्या शाळेत शिकलेले, मला त्यांची भाषा कुठे येते? बंधाऱ्याबद्दल तुम्ही नेहमी म्हणायचात तेच सांगितलं: भिंत बुटकी ठेवा, वर लाकडी फळ्या बसवा. पावसाचा रंग बघून घालायच्या, काढायच्या. आणि दरसाल वरची गावं, छिपे, घाटवाले यांना एकत्र बसवून ठरवायचं, कारण कुठल्या वर्षी नदी काय करील ते कुणालाच माहीत नाही.

"भरी बरसात में तख्ते निकालेगा कौन?" साहेबांनी विचारलं.

"मैं."

त्यांनी नकाशा गुंडाळला. हो म्हणाले नाहीत. पण उद्या तो पाठवणार नाहीत. आधी छिप्यांना बोलवा म्हणाले. मी आत्ता तिकडेच निघालो आहे.

एक रुसवा मात्र आहे. तुम्ही कधी मला छिन्नी धरू दिली नाहीत. "तुझा हात हलतो," म्हणायचात. अजून हलतो, नाना.

तरी यंदाचा पूर ओसरला की रेघ मीच कोरणार. वाकडी आली तरी बरोबर जागी येईल, हा माझा शब्द. शेंदूरही लावीन, पण खांबाच्या पायाशी.

तुमचा,
दत्तू