पेट्रोलच्या नळीची नवी वाट

ता. ४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. घरमालकाला एकतीस तारखेला खोल्या रिकाम्या हव्यात हे वाचल्यापासून अन्नपाणी गोड लागत नाही. तू माझ्याकडे यायचंस हे ठरलेलंच आहे. पण खुब्याच्या ऑपरेशननंतर तुला पाय लांब करूनच बसावं लागतं, आणि तसं बसता येतं ते फक्त दाजींच्या गाडीच्या पुढच्या सीटवर, तिथे पाय पसरायला ऐसपैस जागा आहे. ते गेल्यावर तू गाडी मला दिलीस, मी ती जपली. तरी गेल्या खेपेला चढावर पेट्रोल नळीतच उकळलं आणि तू दोन तास रस्त्याकडेला बसलीस, ते डोळ्यांपुढून हलत नाही.

म्हणून कार्बोरेटर काढून भाच्याने पाठवलेलं इंजेक्शन, म्हणजे इंजिनात पेट्रोल दाबाने फवारणारं यंत्र, बसवतो आहे. सोबतची पुस्तिका वाचताना घाम फुटतो, माझी मजल चौथीपर्यंतची. एवढं कळलं की आता टाकीजवळचा पंप पेट्रोल जोराने ढकलणार, आणि उरलेलं दुसऱ्या नळीने टाकीत परत येणार. म्हणजे नळी फुटली तर पिचकारीच! दोन्ही नळ्या मी जुन्याच भोकांतून, सायलेन्सरच्या बाजूने नेल्या आणि वर उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली. दाजींच्या गाडीला नवं भोक पाडायला मन धजत नाही. बरोबर केलं ना? लगेच कळव. जिना उतरू नकोस. उतरलीस तर कठडा धर.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा धाकटा


ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अ. आ.

जिना उतरू नकोस, उतरलीस तर कठडा धर. अरे, एक काय ते ठरव! लहानपणी दाराची कडी चारदा तपासून शाळेत उशिरा पोचायचास. सत्तरी उलटली तरी तोच तू.

मला गाडीतलं कळत नाही, पण तुझ्या दाजींबरोबर चाळीस वर्षं संसार केला आणि तेवढीच वर्षं लोकांचे कपडे शिवले. भोक पाडलंस म्हणून ते आता रागवायला येत नाहीत. माझ्या बुडाखालून पेट्रोल तापत गेलं तर मी मात्र रागवेन. सायलेन्सर एका बाजूला, तर नळ्या दुसऱ्या बाजूने ने. आम्ही कात्री लावण्याआधी कापड बेततो. तूही आधी सुतळी लावून वाट बघ, मग नळी काप.

चिरंजीवांचा फोन होता. मामाला सामान पाठवलं खरं, पण त्याच्याने हे होईलसं वाटत नाही, म्हणाला. वृद्धाश्रमाचा फॉर्म पाठवलाय. भरून ठेवलाय मी. सही केलेली नाही.

आपला लोभ गंजू देऊ नकोस.
ताई


ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

फॉर्मचं वाचून हातातला पाना खाली पडला. खरं सांगतो, दाजींचं नाव पुढे केलं, पण भीती माझ्या हातांची होती. ते थरथरतात. तुझं पत्र आल्यावर इंजिन वीस मिनिटं चालू ठेवून पट्टीला बोट लावलं आणि चटकन काढलं. इतकी तापली होती. मग सगळं उपसून काढलं.

तू म्हणालीस तशी सुतळी लावली. दुसऱ्या बाजूने, चॅसीच्या म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या कडेने. तीन भोकं पाडायची होती, चार पडली, एकदा ड्रिल सटकलं. प्रत्येक भोकाला रबरी कडं बसवलं, नाहीतर पत्रा नळीला कापतो. वीतभर अंतरावर चिमटे लावले. इंजिन हलतं म्हणून तिथे लवचीक रबरी नळी जरा ढिली सोडली.

चूक तिथेच केली. डब्यात वीस वर्षं जपून ठेवलेली, कार्बोरेटरच्या वेळची, कमी दाबाची नळी वापरली. नवीकोरी दिसत होती गं. पंप पुन्हा चालू केल्यावर दहा मिनिटांत जोड पाझरला. आवळल्यावर थांबला, पण मला पटेना. कापून फेकली. इंजेक्शनची जाड नळी मागवली आहे, कधी येईल दुकानदार नीट सांगत नाही. एकतीसच्या आत पोचेन की नाही कोण जाणे. तरी सही करू नकोस. हात जोडतो.

तुझ्या जिवाला घोर लावणारा,
धाकटा


ता. २० मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

फेकलीस ते उत्तम केलंस. आवळून आला असतास तर मी गाडीत पाय ठेवला नसता.

घरमालक येऊन गेले. त्यांना सांगितलं, एकतीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत घर माझं आहे. रोज दुपारी पाय स्टुलावर ठेवून चार तास बसायचा सराव करते आहे. शेजारीण म्हणते, फोटो काढून घ्यायला बसल्यासारख्या दिसता. सही केलेली नाही. घाई करू नकोस, पण रेंगाळूही नकोस. बघ, मीही तुझ्यासारखंच लिहायला लागले.

जीव सांभाळून काम कर.
ताई


ता. २५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नळी परवा आली, कालच बसवली. आज पुढच्या सीटवर वाळूची पोती ठेवली, तुझ्या वजनाची. तू सांगतेस त्या वजनाची नव्हे, खऱ्या. भर दुपारी टेकडीचा चढ चढलो. वर गाडी बंद करून दहा मिनिटं उन्हात ठेवली आणि पुन्हा किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात सुरू. खाली वर्तमानपत्र पसरून तासभर थांबलो. डाग नाही. नळीवर तळवा ठेवला, कोमट होती. पुन्हा ठेवला. चार वेळा ठेवला. कोमटच.

मागची सीट काढून टाकली आहे, तिथे तुझं शिलाई मशीन आडवं न करता मावतं. मोजून पाहिलं.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तरी वाचायला मी इथे नसेन. तीस तारखेला सकाळी दहाला येतो. घरमालकांना म्हणावं, फाटकातली सायकल काढून ठेवा, गाडी आत घ्यायची आहे.

बाकी भेटीत.
तुझा धाकटा