सलीमभाईंनी निवडलेला डबा

दारव्हा, मंगळवार, संध्याकाळ

आज एका माहितीपत्रकाने माझा घोर अवमान केला. गिटारचा नवा डिजिटल डबा, अँप्लिफायरचे शंभर आवाज काढणारा, आणि अक्षरं मुंगीच्या पायांएवढी. संस्कृतचा मास्तर असून पाणिनीवरही इतके डोळे फोडले नव्हते.

यंदा कापूस बुडाला, लग्नं घटली. आमच्या ऑर्केस्ट्राला आता एकच जीप. माझा जुना अँप्लिफायर आणि तो मांडीवर धरून बसणारे मेकॅनिक सलीमभाई, अशा दोन जागा जातात. डबा पिशवीत मावतो, म्हणजे सलीमभाईंना न्यायचीही गरज उरत नाही.

दोन डबे पाहायला आणले होते. सलीमभाईंना म्हटलं, मित्रासाठी निवडायचाय. काय गरज होती खोटं बोलायची? त्यांनी इंजिन ऐकावं तसे डोळे मिटून दोन्ही ऐकले.

"हा घ्या म्हणा त्याइले, गुरुजी. आपल्या अँप्लिफायरचाच आवाज हाय, अन् घरघर बी नाही." मग म्हणाले, "गुरुवारी केळापूरच्या कार्यक्रमाले जीप कितीक वाजता निघते?"

"कळवतो," म्हणालो. मांडीवर अँप्लिफायर घ्यायला माणूस तयार, आणि मी म्हणे कळवतो!

लाज वाटतेच. पण खरी भीती ही की इतकी वर्षं मी त्यांच्याकडे बघूनच वाजवत आलोय. त्यांची मान हलली नाही, तर बरं वाजलं की नाही, हे मला कळत नाही.