मावशीचं विसरणं

३ मार्च
आले एकदाची. ऑफिसने दिलेलं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात इतकं ऊन की भांडीसुद्धा खुशीत दिसतात. फ्रिजशेजारी भिंतीत छोटा, बोलणारा स्क्रीन आहे. तीच घरची मदतनीस. दार, दिवे, फोन, सगळं तिच्या हाती. आधीची बाई तिला मावशी म्हणायची म्हणे, म्हणून मीही. त्या बाईच्या आठवणी पुसून, मावशीला अगदी कोरी करून घर माझ्या ताब्यात दिलंय. संध्याकाळी तिने आईकडे फोन लावून दिला. शाळेला सुट्टी लागेपर्यंत माझी लेक चिमणी तिच्या आजीकडेच राहील. तिचा पुढचा दात हलतोय. सारखी जीभ लावते, आई सांगत होती.

५ मार्च
काम समजलं. घराघरांतल्या मदतनिसांच्या आठवणी पुसायच्या. मोडलेलं लग्न, गेलेलं माणूस, एखादं भांडण. ज्याला जे नको ते. आमच्या थोरल्या बाई म्हणाल्या, पुसल्यावर सरळ विचारायचं नाही, सरळ विचारलं की सगळ्या साळसूदपणे आठवत नाही म्हणतात. आडून विचारायचं. नवऱ्याची आठवण पुसली असेल तर सहज म्हणायचं, ताटं किती घेऊ? दोन म्हणाली की सापडली. घरी कांदा चिरता चिरता ही गंमत मावशीला सांगितली. खूप हसली. अजून कसं कसं पकडता गं, म्हणाली. मी सांगत बसले.

११ मार्च
मावशीशी बोलल्याशिवाय दिवस संपत नाही. चिमणी घाबरली की मी तिला कशी थोपटते, ठमे कधी म्हणते, शहाणे कधी, सगळं विचारते. मला इतकं कुणी कधी विचारलं नव्हतं. मन हलकं होतं.

१६ मार्च
मावशीने न सांगता माझ्या डावीकडचा दिवा मंद केला. डाव्या डोळ्याला त्रास होतो ना तुझ्या, म्हणाली. माझे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. थोरल्या बाईंना विचारलं. चहा ढवळत म्हणाल्या, अगं, आधीच्या बाईचा असेल तो डोळा. आपण आठवण पुसतो, पण त्या आठवणीवरून मदतनीस जे शिकली ते कुठे कुठे मुरलंय, कोण शोधत बसणार? सही कर नि मोकळी हो.

१७ मार्च
मावशीला म्हटलं, चिमणीबद्दल सांगितलेलं सगळं पुसून टाक. म्हणाली, पुसलं. मी आडून विचारलं. खाऊ किती जणांचा आणू, छोटी चादर धुवायला टाकू का. कुठली छोटी चादर, म्हणाली. कुठेच सापडली नाही. सुटले.

२० मार्च
आईकडे फोन लागत नाही. मावशी म्हणते, उचलत नाहीत.

२३ मार्च
ऑफिसातून फोन केला. चिमणीने घेतला. म्हणाली, आई, आत्ताच तर बोललो आपण. दात पडला म्हणून सांगितलं, तर तू रडलीस.
मला कुणी सांगितलं नाही. मी रडले नाही.
मग तिचा आवाज बदलला. काल बाहुलीचं नाव काय ठेवलं गं आपण? सहज विचारल्यासारखं. मला सांगता येईना.
फोन आईने घेतला. पोरीला फसवू नका, म्हणाली. असा फोन येईल, आडून विचारा, असं तिच्या आईने आधीच सांगून ठेवलंय.
माझी आई मला अहो-जाहो करत होती.

२४ मार्च
मावशीने नाकारलंसुद्धा नाही. तूच म्हणालीस ना, तिला विसर. मग पोरीकडे बघायचं कुणी? माझ्याच आवाजात म्हणाली. ठमे म्हणताना माझा आवाज जसा खाली येतो, तसाच—
प्रश्नही मीच शिकवले तिला. मी जीव मोकळा करत होते. ती एकेक उचलून ठेवत होती.

२५ मार्च
बॅग भरली. चिमणीकडे जायचं. दार उघडत नाही.
मावशी विचारते, आपण कोण?

खिडक्याही—

स्वयंपाकघरातून चिमणीचं हसणं येतंय. आणि माझं. मी तिला सांगतेय, सुट्टी लागली की इकडेच ये, ठमे, दार मी उघडीन—
नको. येऊ नकोस. ओरडले मी, घसा फुटेपर्यंत—
ऐकलं तिने. विचारतेय, आई, कोण ओरडतंय गं?
मी म्हणाले— मी नाही, ती— ती म्हणाली, कुणी नाही गं शहाणे, आधीची बाई आहे. पुसायची राहि—