लाल पुठ्ठ्याचं पुस्तक

४ नोव्हेंबर

‘बालबाग’ मासिकाची प्रश्नावली आली. दहा प्रश्न! लेखकाचं वाचन, लेखन, आवडीनिवडी. पंधरा तारखेच्या आत पाठवा, सोबत हसरा फोटो. हसरा म्हणे! पुढचे चार दात खोटे आहेत माझे.

आवडता पदार्थ — दूधमाशाच्या पोटाची पेज, वर आल्याचे बारीक काप. लिहिलं. नावडता वास — लिलीची फुलं. लिहिलं आणि खोडलं. का म्हणून विचारतील, मग मयताच्या मांडवापर्यंत जावं लागेल.

रोज किती लिहिता? — श्वास पुरेल तेवढं. हे त्यांना आवडेल आणि खरंही आहे. बावीस वर्षं सनई फुंकली, त्याची खोड. एका दमात वाजेल एवढं एक वाक्य. आयांच्या तक्रारी येतात, तुमची पुस्तकं वाचताना धाप लागते! मुलांच्या पुस्तकात काय खपत नाही? — उपदेश करणारं सशाचं पिल्लू.

नऊ झाले. पहिलाच राहिला — ‘तुम्हाला कुणी वाचून दाखवलेलं पहिलं पुस्तक कोणतं?’

६ नोव्हेंबर

ताईचं घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं, सगळंच. आता गळ्याला भोक, श्वास तिथूनच.

सकाळी संमतीचा कागद आला तेव्हा तिने पिशवीतून शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि बरोबर चौकटीत मारला. हात जराही हलला नाही. शिक्क्यावर तिचं नाव, छाय बांगछी. बांगछी म्हणजे ‘आलीच आहे, तर पोसू’. मुलगा हवा होता आई-बापाला. आठ वर्षांनी मी झालो.

लहानपणापासून चाळीस वर्षं ही बाई पैसे घेऊन लोकांच्या मयताला रडली. पांढरे कपडे, डोक्यावर गोणपाटाची टोपी, हातात माईक, मांडवाच्या दारापासून शवपेटीपर्यंत गुडघ्यांवर. “आई गं, मला टाकून कुठे निघालीस!” — आणि त्या आईचं नाव हिला सकाळी कळलेलं असायचं. मी बाजूला सनई धरून. तैवानच्या या अंगाला, चियाईपासून समुद्रापर्यंत, तिच्यासारखा गळा नव्हता. तोच नेमका गेला.

नर्सने एक पांढरी फळी आणि पेन दिलं. “आजी, काय हवं ते यावर लिहायचं हं.” ताईने मान डोलावली आणि फळी उशीखाली सारली.

९ नोव्हेंबर

पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे लिहितो. इथे कोण बघतंय.

आई गेली तेव्हा मी अकरा महिन्यांचा. ताईने मला पाठीवर बांधलं ते शाळेत जाईपर्यंत सोडलं नाही. बाप वाजंत्री, त्यामुळे आम्ही मांडवात वाढलो. दुपारी दोन विधींच्या मधे मला ढोलाच्या पेटीवर निजवायची आणि पुस्तक वाचून दाखवायची. लाल पुठ्ठा, कोपऱ्यात भोक, भोकात सुतळी. गोष्ट केळ्याची आणि अळकुडीची. दोघं जिवलग मित्र, पण एका पोटात गेले तर माणसाचं पोट फुगून ढोल होतं. म्हणून दोघांना कायम वेगळ्या टोपलीत ठेवतात. एके दिवशी दोघं स्वयंपाकघरातून पळतात...

ही जोडी पंचांगाच्या मागच्या पानावर आहेच. ‘कशाबरोबर काय खाऊ नये’ तो तक्ता घरोघरी खिळ्याला टांगलेला असतो. पण त्यावरून गोष्ट कुणी रचली? लेखकाचं नाव मला माहीत नाही. शेवटही माहीत नाही, तोवर मी झोपलेला असायचो.

छत्तिसाव्या वर्षी स्कूटरवरून पडलो, दात गेले, सनई गेली. पोटासाठी काहीतरी हवं होतं. ती गोष्ट लिहून काढली, शेवट आपला जोडला — दोघं एकाच बागेत रुजतात, आनंदीआनंद. चोवीस वर्षं खपतंय ते पुस्तक! शाळांच्या याद्यांत आहे. पुढची सगळी पुस्तकं त्याच्या पुण्याईवर निघाली.

म्हणजे मी चोर. ताइनानची, तायपेईची जुन्या पुस्तकांची सगळी दुकानं पालथी घातली, ते लाल पुस्तक मिळालं नाही. कुणीतरी एक दिवस ते घेऊन दारात उभं राहणार. ताईला विचारायची हिंमत झाली नाही. माझं पुस्तक उघडताच तिला कळलं असणार. तरी ती कधी एक शब्द बोलली नाही. पोटात घातलंन.

१४ नोव्हेंबर

पाठवली प्रश्नावली. ‘पहिलं पुस्तक आठवत नाही, पण माझी आई मला रोज वाचून दाखवत असे.’

आई! जिचा चेहराही ठाऊक नाही. पण ताईचं नाव घेतलं तर ती कोण, काय करते, सगळं आलं. मयताहून आलेला माणूस पपनसाच्या पाल्याच्या पाण्याने हात धुतल्याशिवाय पोराला शिवत नाही आमच्याकडे. भाड्याने रडणारीच्या भावाचं पुस्तक पोरांच्या उशाशी कोण ठेवणार? झाकली मूठ बरी.

२१ नोव्हेंबर

फळी कोरीच. पाणी हवं तर भांड्याकडे बोट, नको तर डोळे मिटते. डॉक्टर म्हणाले, छातीतही उतरलंय.

“लिही की गं दोन ओळी,” म्हटलं. भिंतीकडे बघत राहिली.

१ डिसेंबर



अंक आला. माझ्याकडे येण्याआधी वॉर्डात आला! नर्सच्या पोरीला ‘बालबाग’ लागतं. नर्सने माझा फोटो ओळखला आणि कौतुकाने ताईच्या मांडीवर उघडून ठेवला. मी गेलो तर समोर तेच पान. ‘आई वाचून दाखवत असे’ — मोठ्या अक्षरांत, चौकटीत.

“ताई, चुकलं माझं,” म्हटलं. ती माझ्याकडे बघून हसली. फोटोतल्या माझ्या खोट्या दातांवर बोट फिरवलं आणि परत हसली. मला वाटलं, टोमणा. चोराच्या मनात चांदणं! उशीखालून फळी ओढली आणि ओरडलो, “हसतेस काय? लिही! काय शिव्या द्यायच्यात त्या लिही!” सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. तिने पेन घेतलं, उदबत्ती धरावी तसं दोन्ही हातांनी. एक रेघ मारली. तिच्याखाली दुसरी. मग पेन हातातून सुटून चादरीवर पडलं. ती भिंतीकडे वळली.

“आजोबा, तुम्ही बाहेर व्हा,” नर्स म्हणाली.

२ डिसेंबर

बाजारात तिउ काका भेटले. आमच्या ताफ्याचे ढोलवाले, ब्याऐंशी वर्षांचे. पेजेच्या गाडीवर बसलो. म्हटलं, ताई रुसलीय, फळीवर एक अक्षर लिहीत नाही.

काकांनी चमचा खाली ठेवला. “आ-पिन, थट्टा करतोस का म्हाताऱ्याची?”

“थट्टा कसली?”

“अरे, तिला लिहिता कुठे येतं! शाळेचं तोंड पाहिलंय का तिने? आधी तुझी आई अंथरुणाला, मग तू पाठीवर.”

“सह्या करायची की.”

“सही? शिक्का! बँकेत शिक्का, टपालात शिक्का. सही कोण मागतं आपल्याकडे? एवढी पुस्तकं लिहिलीस आणि घरचं माणूस तुला वाचता आलं नाही होय रे?”

“मला वाचून दाखवायची ती. लाल पुस्तक. सुतळीवालं.”

काका हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. “पंचांग ते! ताफ्यात दुसरं पुस्तक कुठलं? पुरण्याचा मुहूर्त बघायला तुझा बाप खिळ्याला अडकवायचा. ती आपली चित्रं बघून तुला थापा मारायची. त्याच केळ्याच्या आणि अळकुडीच्या, रोज नवीन! आम्ही ढोल बाजूला ठेवून ऐकत बसायचो.”

पेज तशीच राहिली. मी काय बोललो, पैसे कुणी दिले, काही आठवत नाही.

३ डिसेंबर

ताईचे कपडे आणायला बुदाय गावी, तिच्या घरी गेलो. देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात माझी सतरा पुस्तकं ओळीने उभी. सगळी प्लॅस्टिकमध्ये! एकाचंही वेष्टन फाडलेलं नाही. शेजारीण म्हणाली, “येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या, माझ्या भावाची म्हणून. हात मात्र लावू द्यायच्या नाहीत.” कुणाला वाचून दाखव म्हणाली असती, तर तिला वाचता येत नाही हे कळलं असतं ना.

मी तिला प्रत्येक पुस्तकासोबत दोन-दोन ओळींची चिठ्ठी लिहून पाठवली. एकदाही वाचून दाखवलं नाही. जगभरच्या शाळांत जाऊन वाचलं, आणि हिच्याकडे टपालाने!

चोवीस वर्षं ज्याला घाबरत होतो तो लेखक इथेच, या घरात, मयत नसेल त्या दिवशी कालवं सोलत होता. चोर मी आहेच. फक्त घर चुकीचं शोधत होतो.

५ डिसेंबर

दुपारी वॉर्डात त्या पहिल्या पुस्तकाचं प्लॅस्टिक फाडलं. तिने आधी हात आडवा घातला, मग काढला. वाचायला लागलो. स्वयंपाकघर, दोन टोपल्या, एका दमाची वाक्यं. आता माझाही दम पुरेना, मधेच थांबत होतो.

दुसऱ्या पानावर तिला कळलं. डोळे एवढाले झाले! बोट माझ्या छातीला लावलं, मग स्वतःच्या. “हो,” म्हटलं, “तुझीच. मी चोरली.” गळ्याच्या भोकातून हवा सुटायला लागली, जोरजोरात. नर्स धावत आली. ताई हसत होती! आवाजाशिवाय हसत होती.

शेवटचं पान आलं. बाग, आनंदीआनंद. तिने मान हलवली. नाही.

“मग काय होतं गं शेवटी?”

ओठ हलले. हवा नुसती. परत हलले. मला एक अक्षर कळलं नाही. अख्ख्या जिल्ह्याला ऐकू जाणारा गळा, आणि मी वीतभर अंतरावर बसून ऐकू शकलो नाही. शेवटी तिने हात उचलला आणि तळवा माझ्या डोळ्यांवर ठेवला. वाटलं, पुरे म्हणतेय. दमली असेल.

११ डिसेंबर

ताई गेली. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. मी घरी होतो.

१८ डिसेंबर

सगळं उरकलं. मयतवाल्याने विचारलं होतं, “रडायला बाई कोणती सांगू? एक नवीन आहे, चांगली लोळते.” नको म्हटलं. तिच्या मयताला भाड्याचं रडू नको. आणि मग कुणी रडलंच नाही! सनईवर कुणी अनोळखी माणूस, दुसऱ्या ओळीत दम तुटत होता त्याचा. माझ्या डोळ्यांतून टिपूस नाही.

परत आल्यावर पपनसाच्या पाण्यात हात बुडवला आणि तेव्हा कळलं. गोष्टीला शेवट नव्हताच. मी झोपेपर्यंत ती सांगायची, माझे डोळे तळव्याने मिटायची आणि उठून रडायला जायची. दमली नव्हती ती. मी शेवट विचारला, तिने सांगितला. घमेल्यावर वाकून ढसाढसा रडलो, लहान पोरासारखा.

२० डिसेंबर

प्रकाशनाच्या को बाईंचा फोन. ‘केळं आणि अळकुडी’ची पंचविसाव्या वर्षाची आवृत्ती, नवा करार टपालात टाकलाय. सगळं सांगितलं. म्हटलं, लेखक म्हणून ताईचं नाव घाला.

त्या म्हणाल्या, “सर, मला रडू येतंय, खरंच. पण मयताला रडणारी बाई... शाळा घेणार नाहीत हो. अर्पणपत्रिकेत घालू ना! ‘लाडक्या ताईस’.”

“नाही. मुखपृष्ठावर.”

“मुखपृष्ठावर घातलं तर पुस्तक बंद होईल. विचार करा.”

विचार कसला! तिचा शिक्का माझ्याकडे आहे. करारावर तोच मारणार.

२७ डिसेंबर

करार आला. दोन्ही शिक्के, तिचा आणि माझा, टेबलावर मांडले. जेवण झालं तरी तसेच. मेलेल्या माणसाचा शिक्का कायद्याने चालत नाही म्हणे. शाळांच्या याद्या आहेत. आया आहेत. साठी उलटली माझी.

माझाच मारला. दुपारी टपालात टाकून आलो.

ताईचा इथे मारतो, या पानावर. इथे कोण बघतंय.